कातळ्यावरचे हत्ती

“खुडे, तुमचे ते हत्ती सकाळच्या उन्हात चांगले दिसतात की संध्याकाळच्या?”

एसटीच्या पायरीवरून उतरता उतरता नाईकवाडी बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकं वर काढलेली ती निळ्या पुठ्ठ्याची वही. कंडक्टर स्वतः खाली उतरून त्यांना हात देत होता. “बाई, तुम्ही आज इथं उतरताय?” असं तो दोनदा म्हणाला. त्याला कशाचं एवढं नवल वाटतंय ते मला कळलं नाही. मी पुढे होऊन पिशवी घेतली आणि म्हणालो, “सकाळच्याच, बाई.”

खरं सांगायचं तर आमच्या डोंगरावर हत्ती आहेत की नाहीत हेच मला ठाऊक नव्हतं. त्या डोंगरावर मी कधी चढलोच नव्हतो.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी एका पर्यटन कंपनीत आचारी होतो. कंपनीची ख्याती अशी की माणूस काशीला जावो नाहीतर कन्याकुमारीला, संध्याकाळी त्याच्या पानात पिठलं-भाकरीच पडणार. ते पिठलं माझं. बावीस वर्षं मी शेगड्या, पातेली आणि ज्वारीच्या पिठाची पोती घेऊन अख्खा देश फिरलो. फिरलो म्हणजे देशातली स्वयंपाकघरं फिरलो. प्रवासी ताजमहाल बघायला गेले की मी मागे कांदा चिरत बसायचो. कुठलं गाव कसं आहे ते मला कळायचं तिथे डाळ शिजायला किती वेळ लागतो त्यावरून. केदारला भात शिजता शिजत नाही, बटाटा दोन तास घेतो आणि तरी मधे कच्चाच राहतो. रामेश्वरला पाणी मचूळ, तिथे डाळ आदल्या रात्रीच भिजवावी लागते. काशीचं दूध तापवताना साय अशी येते की नुसतं बघत बसावं.

हे सगळं मी नाईकवाडी बाईंना सांगितलं होतं. त्या आमच्या कार्तिकातल्या काशी यात्रेला होत्या. सत्तरीच्या, एकट्या, निवृत्त भूगोल शिक्षिका. गुडघ्यांमुळे घाटाच्या पायऱ्या त्यांना उतरवेनात. मग बाकीचे नावेत बसायला गेले की बाई धर्मशाळेच्या मागच्या अंगणात यायच्या, उलट्या पातेल्यावर बसायच्या आणि माझ्याबरोबर मटार सोलायच्या. सोलता सोलता प्रश्न विचारायच्या आणि उत्तर आवडलं की हात पुसून वहीत लिहून घ्यायच्या. मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. “मीठ जरा कमी घाला”, एवढंच लोक बोलायचे. त्यामुळे मी अगदी चढून गेलो होतो.

माझ्या मनातलं एक जुनं कोडंही मी त्यांना सांगितलं. माझी बायको शेवंता घरी जी साधी डाळ करते, तशी डाळ मला देशभरात कुठे जमली नाही. तीच तूर मी घरून पोत्यानं नेली. तिचीच हळद नेली. एकदा तर तिचं पातेलं नेलं, त्यावरून घरात भांडण झालं. तरी ती चव नाही आणि ते मऊपण नाही. माझा धंदाच स्वयंपाकाचा, आणि माझ्याच घरची डाळ मला येत नव्हती. बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि शेवटी एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

“गाव कुठलं तुमचं?” त्यांनी विचारलं.

“धामणदरा. फाट्यापासून आत अडीच किलोमीटर.”

बाईंचं पेन थांबलं. “कातळ्याखालचं धामणदरा? वर लेणी आहेत ते?”

“तेच.”

“मग तुम्ही तर पाहिली असतील ती. सांगा ना, काय आहे आत?”

बाई पुण्याहून गाडीत बसल्या होत्या, म्हणून त्या पुण्याच्याच असं मी धरून चाललो होतो. पुण्याच्या बाईंना आमच्या डोंगराचं नाव कसं ठाऊक, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. चार दिवस मी यांना केदार सांगितलं, रामेश्वर सांगितलं, आणि आता माझ्याच घरामागचा डोंगर पाहिला नाही असं कसं सांगू? नाही म्हणायला जीभ रेटेना.

“फार भव्य आहे,” मी म्हणालो. आणि मग थांबलोच नाही. दाराशी दोन हत्ती उभे केले, सोंडा वर केलेले. आत सोळा खांब दिले. हत्ती मी कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलले आणि खांब त्याच्याच मागच्या पानावरून. बाई खाली मान घालून लिहीत होत्या. मधेच एकदा त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

दोन महिन्यांनी, पौषात, मी सुट्टीवर घरी असताना त्यांचं कार्ड आलं. कंपनीतून पत्ता मिळवला, अमुक दिवशी सकाळच्या गाडीनं येते, मला ती लेणी दाखवा. कार्ड हाती पडलं तेव्हा तो दिवस उद्यावर आला होता. थोडी सवड मिळाली असती तर वर जाऊन हत्तींची खात्री करून आलो असतो. सवड तशी मला जन्मभर होती, पण ते आता बोलून काय उपयोग.

आमच्या गावातल्या माणसांना कातळ्याचं काही वाटायचं नाही. खालच्या डांबरी रस्त्यावरून बघितलं की त्याच्या छातीवर तीन काळी चौकोनी भोकं दिसायची. वडील म्हणायचे, वर वटवाघळांची घाण आहे, दुसरं काय असणार. आम्ही शेरडं चारायचो ती पलीकडच्या अंगाला, तिथे गवत बरं होतं. चौदाव्या वर्षी मी पुण्याला एका खानावळीत भांडी घासायला गेलो आणि मग सुट्टीपुरताच गावचा राहिलो. सुट्टीत मी दोन कामं मुळीच करायचो नाही. डोंगराकडे बघायचो नाही आणि घरच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचो नाही. अकरा महिने ज्याचं आयुष्य चुलीपुढे जातं त्यानं बाराव्या महिन्यात तरी आयतं बसून खावं, असं माझं मत होतं.

शेजाऱ्याच्या रिक्षातून बाईंना घरी आणलं. शेवंतानं चहा टाकला. बाई ओसरीवर बसून डोंगराकडे टक लावून बघत होत्या, आणि मी चहाचं निमित्त करून आत गेलो.

“अगं, वर हत्ती आहेत का?” मी हळूच विचारलं.

शेवंता माझ्याकडे बघत राहिली. “तुमाला बरं हाय न्हवं?”

“लेण्यात म्हणतो मी. दगडात कोरलेले.”

“वाटवाघळं हायती. हत्ती काय म्या बगितलं न्हाईत.”

ती वर काय आहे हे कसं सांगू शकते, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी दुसरीच युक्ती काढली. चहाचा कप बाईंच्या हातात देत म्हणालो, “बाई, एक अडचण झालीय. वर आग्या मोहोळ उठलंय. आठ-पंधरा दिवस तरी कुणी फिरकायचं नाही असं गावानं ठरवलंय.”

“कुठलं मव्हळ?” आतून शेवंताचा आवाज आला. “परवा तर काय बी नव्हतं.”

बाईंनी चहा संपवला, काठी हातात घेतली आणि उभ्या राहिल्या. “मग चला. ऊन चढायच्या आत निघू.”

शेवंतानं कोपऱ्यातली लहान पितळी कळशी घेतली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि आमच्या पुढे चालू लागली. मला वाटलं, बाईंना वाटेत तहान लागेल म्हणून हिनं पाणी घेतलंय. कळशी रिकामी आहे हे मला नंतर दिसलं.

कातळ्याच्या पायथ्यापासून वर जायला दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत. त्या किती झिजल्या आहेत तेही मी त्या दिवशीच पाहिलं. एकेका पायरीच्या मधोमध पावलाच्या आकाराचा खोलगट भाग झाला होता. बाई एक पायरी चढायच्या, थांबायच्या, काठी पुढे टेकायच्या, मग दुसरी. मी मागे होतो आणि मनात म्हणत होतो की आता वर गेल्यावर काय सांगायचं. हत्ती चोरीला गेले म्हणावं का? दरड कोसळून गाडले गेले म्हणावं? चाळिसाव्या का पंचेचाळिसाव्या पायरीवर बाईंचा गुडघा लचकला. मी धरलं म्हणून पडल्या नाहीत. कडेला एक सपाट धोंडा होता, तिथे त्यांना बसवलं. चेहरा पांढरा पडला होता.

“इथवरच,” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. “याच्यापुढे नाही जमणार.”

“पुन्हा कधीतरी या, बाई. गुडघे बरे झाले की.”

“पुढच्या आठवड्यात मुलगा न्यायला येतोय. नागपूरला. घर आवरलंय, सामान गेलं. आता परत येणं व्हायचं नाही, खुडे. म्हणून तर आज आले.”

त्या मान वर करून त्या तीन काळ्या चौकोनांकडे बघत होत्या. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. हत्ती वाचले होते. आता मी बाईंना हळूच घरी नेईन, जेवू घालीन आणि चारच्या गाडीत बसवून देईन, असं मनात जुळवायलाही मी लागलो.

“तुम्ही जाऊन या,” बाई म्हणाल्या.

“मी?”

“हो. मी इथे बसते. तुम्ही वर जा, बघा आणि मला येऊन सांगा. मी लिहून घेईन.” त्यांनी वही मांडीवर ठेवली. “या वेळी मात्र नीट बघून या.”

‘या वेळी’ हे दोन शब्द मला बोचले. पण विचारायची हिंमत झाली नाही. शेवंता केव्हाच वर निघाली होती. मी तिच्या मागे लागलो.

ती अनवाणी चढत होती, आणि कुठल्या पायरीवर पाय ठेवायचा ते तिला बघावं लागत नव्हतं. मला धाप लागली. बावन्न वर्षांचा, सारा जन्म वाफेत काढलेला माणूस मी. वरच्या कातळाशी पोचलो तेव्हा ती दाराबाहेर उभी राहून माझी वाट बघत होती.

“चपला हितं काढा,” ती म्हणाली.

दारात हत्ती नव्हते. खांबही नव्हते. खालून दिसणाऱ्या तिन्ही भोकांमागे एकच लांबट, बुटकी खोली होती, भिंतीला धरून कोरलेले बाक होते, आणि वरती वटवाघळं लटकत होती. वास उग्र होता पण वडील म्हणायचे तेवढी घाण नव्हती. कुणीतरी मधून मधून झाडत असावं असं वाटत होतं. फक्त कोपऱ्यात वाऱ्यानं आत आणलेल्या पाचोळ्याचा ढीग होता. मी दम खायला त्याच्यावर बसलो. आणि बसल्यावर, डोळे अंधाराला सरावल्यावर, मला समोरची जमीन दिसली.

जमिनीत एका ओळीत खळगे कोरले होते. हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. आतून इतका गुळगुळीत की बोट कुठे अडेना. मला कुणी सांगावं लागलं नाही. ते उखळ होतं. एक नाही, ओळीनं अकरा उखळं. त्यांच्यामागे कातळाचाच एक ओटा, आणि त्याच्या कडेनं बाहेर जाणारी बोटभर रुंदीची पन्हळ. धुतलेलं पाणी आत साचू नये म्हणून. मी उठून ओट्यापाशी उभा राहिलो. तो बरोबर माझ्या कमरेला लागला. पुण्यातल्या माझ्या मालकानं बांधलेला ओटा चार बोटं बुटका होता आणि त्यापायी माझी पाठ कामातून गेली होती. हे ज्यानं कोरलं त्याला उभं राहून राबणाऱ्याच्या कमरेची काळजी होती.

हे लेणं म्हणजे कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. शिकलेले लोक कदाचित वेगळं सांगतील. सांगोत. मी बावीस वर्षं देशभर जे एकच बघत आलो, ते ओळखायला माझी चूक व्हायची नाही. घाटानं येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी इथे कुणीतरी कांडत होतं, रांधत होतं. आणि मी दाराशी हत्ती उभे करून ठेवले होते.

“किती उखळं आहेत गं ही?” मी बाहेर बघत विचारलं. “अकरा?”

“बारा,” शेवंता बाहेरूनच म्हणाली. “आखाडात आमी बाया दानं ठेवतो येकेकात. बारा घरच्या बारा जनी.”

“मी मोजली. अकरा आहेत.”

“आत्याबाई बारा म्हनायच्या.” आत्याबाई म्हणजे माझी आई.

मी बाहेर आलो. खोलीच्या उजव्या अंगाला कातळात एक चौकोनी तोंड होतं, हातभर रुंद, आणि त्याच्याखाली काळं, स्थिर पाणी. शेवंता उकिडवी बसून कळशी बुडवत होती. आवाज न करता, पाणी ढवळू न देता.

“बाईंना प्यायला का?”

“न्हाई. डाळीला.”

“डाळीला म्हणजे?”

तिनं कळशी वर काढली, पदरानं तळ पुसला. “घरचं बोरचं पानी जड हाय. त्यात डाळ शिजत न्हाई, दडदडीत ऱ्हाती. मंग डाळीपुरतं हितनं न्यायाचं. घराला येकच कळशी. आंगुळीला न्हाई, धुन्याला न्हाई. मला आत्याबाईनी लग्नाच्या पाचव्या दिशी वर आनून दावलं.”

मी खाली वाकलो, ओंजळ भरली आणि एक घोट तोंडात धरला. पाण्याची चव घ्यायची माझी एक रीत आहे. गिळायचं नाही, जिभेखाली ठेवायचं. मचूळ असेल तर कडेला कळतं, जड असेल तर मागं. या पाण्याला काही नव्हतं. सबंध देशात मी इतकं हलकं पाणी चाखलं नव्हतं.

मी घरची तूर नेली होती, हळद नेली होती, पातेल्यापायी भांडण केलं होतं. आणि उत्तर माझ्या घरामागं, मी ज्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं त्या डोंगरावर, दिवसाआड बायकोच्या डोक्यावरून माझ्या घरात येत होतं.

“चोवीस वर्षं झाली आपल्या लग्नाला,” मी म्हणालो. मला रागही आला होता. “एकदा तरी सांगायचं.”

“मला वाटलं, ठावं आसंल,” शेवंता म्हणाली. तिला खरंच नवल वाटत होतं. “साऱ्या मुलखाचं पानी चाखून येता तुमी. आमच्या हितलं न चाखता कसं ऱ्हाल, आसं मला वाटलं.”

 चोवीस वर्षं ही बाई माझ्या डाळीसाठी हा डोंगर चढत होती आणि मी ओसरीवर बसून, तुरीचं वाण चांगलं आहे हो आपलं, असं सांगत होतो. रडू यायचं तेवढं राहिलं. मी तिच्या हातून कळशी घेतली. ती देईना. “सांडाल,” म्हणाली. पण शेवटी दिली.

खाली बाई तशाच बसल्या होत्या. वही उघडी होती आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. मी कळशी जपून खाली ठेवली आणि समोरच्या पायरीवर बसलो.

“बाई, वर हत्ती नाहीत.”

“बरं.”

“म्हणजे कधीच नव्हते. खांबही नाहीत. काशीत मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी वर कधी गेलोच नव्हतो.”

“ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या.

“शेवंतानं सांगितलं?”

“काशीतच कळलं. केदारचं सांगताना तुम्ही भाताचं सांगितलंत. रामेश्वरचं सांगताना पाण्याचं. आणि स्वतःच्या गावचं सांगताना म्हणालात, फार भव्य आहे. चार दिवसांत ‘भव्य’ हा शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बघितलेल्या गोष्टीला तुम्ही भव्य म्हणत नाही, खुडे.”

माझी मान वर होईना. “मग तरी तुम्ही आलात. एवढ्या लांबून, असे गुडघे घेऊन.”

“लांबून कसली. सकाळी तालुक्याहून निघाले, पाऊण तासात इथे. माझं घर तालुक्याला आहे. यात्रेला पुण्याहून बसले ती भावाकडून.” त्यांनी काठीनं खालच्या डांबरी रस्त्याकडे दाखवलं. “या रस्त्यानं मी एकतीस वर्षं पुढच्या गावच्या शाळेत शिकवायला जात होते. सकाळी जाताना डावीकडे कातळ्या, संध्याकाळी येताना उजवीकडे. मी मुद्दाम त्या बाजूची खिडकी धरायची. पहिल्या वर्षी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. मग म्हटलं, मुलगा मोठा झाला की. मग म्हटलं, निवृत्त झाल्यावर वेळच वेळ आहे. मुलांना मी नकाशावर आफ्रिकेतले डोंगर दाखवले, खुडे. हा एक दाखवला नाही. फाट्यावर गाडी रोज थांबायची आणि मी रोज बसून राहायची.”

कंडक्टरला कशाचं नवल वाटलं होतं ते मला आता कळलं.

“काशीत तुम्ही धामणदरा म्हणालात तेव्हा माझं काळीज उडालं. वाटलं, निदान पाहिलेला माणूस तरी भेटला. आणि मग तुम्ही हत्ती सांगायला लागलात.” बाई हसल्या. “खरं सांगू, मला बरं वाटलं. पायथ्याशी जन्मलेल्यानंही पाहिलं नाही, मग मी एकटीच काही करंटी नाही. घरी आल्यावर वाटलं, दोघं मिळून तरी जाऊ. तर या गुडघ्यानं दगा दिला. पण तुम्ही जाऊन आलात. आता सांगा.”

शेवंतानं कळशीतलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. घराला एकच कळशी, आणि ती डाळीलाच, हा नियम तिनं बाईंसाठी मोडला. बाई सावकाश प्यायल्या आणि मी सांगायला लागलो.

तासभर तरी सांगत होतो. पायरीतली पावलं सांगितली. पन्हळ सांगितली, ओटा माझ्या कमरेला कुठे लागला ते उभं राहून दाखवलं. उखळ आतून किती गुळगुळीत, तर पुरण वाटल्यावर पाटा होतो तेवढं. बाई मधे मधे अडवायच्या. दार कुठल्या दिशेला? वारा आत येतो का? पाण्याला वास? मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त मी पाहिलं होतं. एकदा त्यांनी मुद्दाम विचारलं, “मग, भव्य आहे का?”

“नाही बाई,” मी म्हणालो. “बेताचं आहे. चाळीस माणसांचा स्वयंपाक होईल एवढं.”

ते त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. आधीचे हत्ती मात्र खोडले नाहीत. फक्त उखळांपाशी त्या अडल्या, कारण मी अकरा म्हणत होतो आणि शेवंता बारावरून हटेना. शेवटी त्यांनी लिहिलं, अकरा किंवा बारा, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

घरी आलो. उरलेल्या पाण्यात शेवंतानं डाळ टाकली. मी सुट्टीतला नियम मोडून आत जाऊन चुलीपाशी बसलो आणि डाळ फुटताना पाहिली. बाईंनी दोनदा वाढून घेतली. मग वहीची मागची पानं उलटून काशीतलं ते मोठं प्रश्नचिन्ह शोधलं आणि त्याच्यापुढे एकच शब्द लिहिला, पाणी. चारच्या गाडीला आम्ही दोघं त्यांना फाट्यावर सोडायला गेलो. शेवंतानं दुपारी पुन्हा वर जाऊन एक बाटली भरून आणली होती, ती त्यांच्या पिशवीत घातली. गाडी सुटली तेव्हा बाई उजवीकडच्या खिडकीत होत्या.

महिन्याभरानं नागपूरहून कार्ड आलं. मी तेव्हा यात्रेवर निघायच्या तयारीत होतो, शेगड्या बांधून झाल्या होत्या. कार्डावर लिहिलं होतं: “चि. खुडे, सौ. शेवंता, आशीर्वाद. बाटलीतलं पाणी प्यायले नाही. डाळ केली. सूनबाईंनी विचारलं, कुठली तूर ही. मी म्हटलं, तूर इथलीच, पाणी आमच्या डोंगराचं. आता एक काम करा. अकरा की बारा, ते एकदा जाऊन पुन्हा मोजा आणि कळवा. मला इथे रात्री झोप लागत नाही.”

मी शेगड्या तशाच ठेवल्या आणि कातळ्यावर गेलो. एकटा. चपला काढल्या, आत शिरलो, दारापासून मोजायला सुरुवात केली. अकरा. पुन्हा मोजली, अकराच. मग कोपऱ्यातल्या त्या पाचोळ्याकडे लक्ष गेलं. दोन्ही हातांनी तो बाजूला केला.

घरी येऊन, निघायच्या आधी, कार्ड लिहिलं. “बाई, बारा आहेत. बाराव्यावर मी बसलो होतो.”